लेम्नावर तांबं आणि अतिनील किरण: एकत्र परिणाम नीट कसा मोजायचा

दरवर्षी प्रोजेक्टच्या फायलींत एक तरी फाईल या विषयाची निघते: जलवनस्पतींवर किरण आणि जड धातूंचा एकत्रित परिणाम. उघडून बघावं तर बीकर दोनच. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) घालून वर दिवा लावलेला. दुसऱ्यातलं लेम्ना, म्हणजे पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी वनस्पती, पांढरं पडलं, म्हणून "एकत्र परिणाम घातक". पण ते तांब्याने पांढरं पडलं, किरणांनी, की दिव्याच्या धगीने, हे त्या दोन बीकरांतून कधीच कळणार नाही. मी भंडारा-गोंदियाच्या बाजूला एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळतो. तिथे हातून झालेल्या आणि इतरांच्या पाहिलेल्या चुकांवरून हा क्रम लिहितो आहे.

आधी एक गैरसमज. "किरण" म्हटलं की काही जण गॅमा किरणांचं नाव घालतात, काही थेट मोबाइल टॉवरचं. टॉवरच्या रेडिओ लहरींचा इथे संबंध नाही. गॅमाचा स्रोत हाताळायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेली संस्था लागते, तो गावच्या कॉलेजचा विषय नव्हे. आपल्या आवाक्यात आहे तो अतिनील किरण, त्यातही २८० ते ३१५ नॅनोमीटरचा यूव्ही-बी. हिशोबाची पद्धत मात्र गॅमालाही हीच लागते.

## १. वनस्पती: पोळ्याला आणा, दिवाळीनंतर वापरा

गावात पाण्यावरच्या सगळ्या हिरव्या थराला शेवाळच म्हणतात, त्यामुळे विद्यार्थी काहीही उचलून आणतात. बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) कोपऱ्यात, पाणी हलत नाही तिथे, बारीक टिकल्यांसारखी तरंगते ती लेम्ना. एक टिकली उलटी करून भिंगाखाली धरा. एकच मूळ लोंबत असेल तर लेम्ना. मुळांचा झुबका आणि खालची बाजू जांभळट असेल तर स्पायरोडेला. मूळच नसेल आणि रव्याच्या दाण्याएवढं असेल तर वुल्फिया. ॲझोला तर नेचा आहे. जनावरांच्या खाद्यासाठी टाक्यात वाढवतात तो. गेल्या पाच वर्षांत मी ॲझोलावर केलेले "लेम्ना प्रोजेक्ट" दोनदा पाहिले.

राखेच्या बंधाऱ्याजवळचं लेम्ना आणू नका. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या औष्णिक केंद्रांच्या राखेत धातूही असतात आणि थोडं युरेनियम-थोरियमही, म्हणून "एकत्र परिणाम आयताच मिळाला" असं काहींना वाटतं. तसं होत नाही. त्या राखेतला किरणोत्सार साधारण माती-खडकांच्या आसपासचाच असतो. शिवाय तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली वनस्पती धातूला सरावलेली असू शकते. तुमच्या ताब्यात तिथे एकही गोष्ट नसते.

आणल्यावर निवडक टिकल्या ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात अर्धा ते पाच मिनिटं ठेवा आणि निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुवा. बऱ्याच पांढऱ्या पडतील. घाबरू नका, कडेला हिरव्या राहिलेल्या दोन-चारांवरून पुढचं सगळं रोप तयार होतं. शक्यतो एकाच टिकलीपासून वाढवा, म्हणजे सगळी भांडी एकाच वंशाची राहतात.

आता सर्वात जास्त मोडला जाणारा नियम. लेम्नाच्या चाचणीसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २२१ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे, २००६ सालची. ती सांगते की बाहेरून आणलेली वनस्पती चाचणीच्याच पोषक द्रावणात किमान आठ आठवडे वाढवलेली हवी. आपल्याकडे हा मेळ सहज बसतो. पोळ्याच्या सुमारास बोड्या भरलेल्या असतात, तेव्हा आणा. दिवाळीपर्यंत आठ आठवडे होतात. दिवाळीनंतर खोलीचं तापमानही सांभाळता येतं. जानेवारीत सरांनी विषय दिला आणि आठवड्यात प्रयोग उरकला, असं करायचं असेल तर विषय बदला.

तपासा: चाचणीच्या आधी सात ते दहा दिवस ताज्या द्रावणात, चाचणीच्याच उजेडात ठेवा. टिकल्या दोन-तीनच्या जुडग्यात, एकसारख्या हिरव्या दिसल्या पाहिजेत. एकेकटी सुटलेली, पिवळी किंवा लांब मुळांची टिकली म्हणजे रोप उपाशी आहे.

## २. पाणी आणि भांडी

बोअरचं किंवा विहिरीचं पाणी चालणार नाही. विदर्भातलं भूजल बऱ्याच ठिकाणी जड आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइडही निघतं. जड पाण्यातलं कॅल्शियम तांब्याशी स्पर्धा करतं आणि तांब्याचा विषारीपणा कमी दिसतो. एकाच गावात दोन विहिरींच्या पाण्यात दोन वेगळे निकाल येतील. डिस्टिल्ड पाणी वापरा. दुकानातलं बॅटरीचं पाणी घ्यावं लागलं तर प्रत्येक कॅन टीडीएस मीटरने तपासा. लेबल बघून विश्वास ठेवू नका.

पोषक द्रावण स्टाइनबर्गचं किंवा स्वीडिश मानकाचं घ्या. दोन्हींत ईडीटीए असतं, जे लोह विरघळलेलं ठेवतं आणि तांब्यालाही धरून ठेवतं. म्हणून दुसऱ्या कोणाच्या निबंधातली तांब्याची मात्रा उचलून आपल्या द्रावणात टाकली तर निकाल जुळत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी लिहित नाही: लोह-ईडीटीए उजेडात, विशेषतः अतिनील प्रकाशात, तुटतं. म्हणून द्रावण गडद बाटलीत ठेवा आणि सर्व भांड्यांत ते एकाच दिवशी बनवलेलं भरा.

भांडी सगळी एका मापाची, काचेची. प्रत्येकात निदान १०० मिलि द्रावण आणि निदान २ सेंमी खोली. स्टीलच्या वाट्या नकोत.

## ३. तांब्याचं द्रावण: चारपट चूक इथे होते

मोरचूद कृषी केंद्रात मिळतो, संत्र्याच्या बागेत बोर्डोसाठी सगळेच आणतात. प्रयोगाला तो नको, त्याची शुद्धता ठाऊक नसते. प्रयोगशाळेच्या दर्जाचं निळं कॉपर सल्फेट घ्या, ज्यात पाण्याचे पाच रेणू असतात.

या निळ्या खड्यात तांबं फक्त २५.४५ टक्के असतं. १ ग्रॅम मोरचूद म्हणजे १ ग्रॅम तांबं असं धरलं की मात्रा चारपट चुकते, आणि फायलींत निम्म्या वेळा नेमकं हेच धरलेलं असतं.

- ३.९३ ग्रॅम निळं कॉपर सल्फेट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून १ लिटर करा. हा झाला १००० मिग्रॅ प्रति लिटर तांब्याचा स्टॉक.
- त्यातला १ मिलि घेऊन १०० मिलि करा: १० मिग्रॅ प्रति लिटर.
- त्यातला २ मिलि घेऊन पोषक द्रावणाने १०० मिलि करा: ०.२ मिग्रॅ प्रति लिटर.

स्टॉकमधून थेट ०.०२ मिलि मोजायच्या भानगडीत पडू नका. आपल्या पिपेटची तेवढी लायकी नसते.

सावधान: कॅडमियम किंवा पारा "जास्त परिणाम दिसतो" म्हणून निवडू नका. कॅडमियम कर्करोगकारक आहे. शिकायला तांबं पुरेसं आहे.

## ४. किरण: दिवा, झाकण आणि फिल्म

या पायरीवर मी एक अख्खा आठवडा वाया घालवला आहे. सगळी भांडी नीट, दिवा नवा, वेळ मोजलेली. धूळ पडू नये म्हणून पेट्री डिशची झाकणं ठेवली. सात दिवसांनी किरणवाली आणि बिनकिरणांची भांडी हुबेहूब सारखी. विद्यार्थ्याने तर "लेम्ना यूव्ही-प्रतिकारक आहे" असा निष्कर्षही लिहून टाकला होता. साधी काच यूव्ही-बी अडवते, झाकणाचं प्लॅस्टिकही बराच अडवतं. आमच्या लेम्नापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

तेव्हा:

दिवा कोणता. लॅमिनार हूडमधला किंवा पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला दिवा २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्ही-सी. तो उन्हात जमिनीपर्यंत येतच नाही. तो लावून "वाढत्या उन्हाचा परिणाम" लिहू नका. यूव्ही-बीची ट्यूब घ्या.

फिल्म कोणती. यूव्ही-बी ट्यूबमधून थोडा यूव्ही-सीही निघतो. तो गाळायला किरणवाल्या भांड्यांवर सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म लावा. ती काही दिवसांत किरणांनीच धुरकट होते, बदलत राहा. बिनकिरणांच्या भांड्यांवर पारदर्शक पॉलिस्टरची फिल्म लावा. ती यूव्ही-बी अडवते पण उजेड येऊ देते. स्टेशनरीच्या दुकानातली ओएचपी शीट पुष्कळदा पॉलिस्टरची असते, पण कधी ॲसिटेटचीही निघते. यूव्ही मीटरवर शीट धरून बघा. रीडिंग जवळजवळ शून्यावर आलं तर ती पॉलिस्टर.

याचा अर्थ, बिनकिरणांची भांडीसुद्धा त्याच दिव्याखाली, त्याच ओळीत राहतात. ती कपाटात किंवा खिडकीत ठेवली की उष्णता, उजेड आणि बाष्पीभवन तिन्ही बदललं, आणि तुम्ही किरणांचा परिणाम मोजतच नाही. एका ट्रेवर एकच मोठी फिल्म टाकू नका, प्रत्येक भांड्याला आपली फिल्म.

मात्रा कशी लिहायची. "दररोज दोन तास" ही मात्रा नव्हे. मीटर लेम्नाच्या पातळीवर, फिल्मखाली धरून वाचा. बरेच मीटर मायक्रोवॅट प्रति चौरस सेंमी दाखवतात. १०० म्हणजे १ वॅट प्रति चौरस मीटर. तेवढ्या तीव्रतेत एक तास ठेवलं तर ३.६ किलोजूल प्रति चौरस मीटर झाले. ट्यूब लावल्यावर १५-२० मिनिटं तापू द्या, मग भांडी खाली सरकवा. ट्यूब जुनी होते तशी मंदावते, म्हणून रीडिंग रोज घ्या.

पांढरा उजेड चालूच ठेवा. यूव्ही-बीने डीएनएत झालेली मोडतोड वनस्पती निळ्या आणि यूव्ही-ए प्रकाशाच्या मदतीने दुरुस्त करते. किरण देऊन लगेच अंधार केला तर ही दुरुस्ती थांबते आणि परिणाम फुगलेला दिसतो.

सावधान: दिवा चालू असताना वाकून मोजू नका. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तेच इथे होतं. आधी स्विच बंद, मग भांड्याला हात. चेहऱ्याला पॉलिकार्बोनेटचा शील्ड, हातात मोजे, पूर्ण बाह्या.

दिवा नसेल तर ऊन चालतं, फिल्मची पद्धत तीच. पण इथे मारेकरी वेगळाच असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि बीकरमधलं १०० मिलि पाणी किरणांच्या आधी उष्णतेनेच लेम्ना शिजवतं. नोव्हेंबरात करा, भांडी पाण्याने भरलेल्या मोठ्या घमेल्यात ठेवा, तापमान दर अर्ध्या तासाला लिहा, आणि ठरलेला वेळ झाला की आत आणा.

## ५. आधी छोटी चाचणी

मुख्य प्रयोगाच्या आधी तांबं एकटं आणि किरण एकटे तपासा. तांब्यासाठी ०.०५, ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६ मिग्रॅ प्रति लिटर अशी दुपटीची शिडी घ्या. किरणांसाठी वेळ बदलून तीन-चार पायऱ्या.

शोधायची आहे ती अशी मात्रा, जी एकटी असताना वाढीचा वेग साधारण २० ते ४० टक्क्यांनी कमी करते. विद्यार्थ्यांना नाट्यमय निकाल हवा असतो, म्हणून ते ९० टक्के मारणारी मात्रा घेतात. मग दुसऱ्या घटकाला दाखवायला काही उरतच नाही.

## ६. मुख्य मांडणी: चार गट, त्याहून कमी नाही

१. काही नाही (पॉलिस्टर फिल्म, साधं द्रावण)
२. फक्त तांबं (पॉलिस्टर फिल्म)
३. फक्त किरण (ॲसिटेट फिल्म, साधं द्रावण)
४. दोन्ही

प्रत्येक गटाची पाच भांडी, म्हणजे वीस. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि रोज फिरवा, कारण ट्यूबच्या टोकांना किरण कमी आणि मधोमध जास्त असतात. सगळी तांब्याची भांडी एका टोकाला ठेवलीत तर टोकाचा परिणाम तांब्याच्या नावावर जातो.

प्रत्येक भांड्यात ९ ते १२ टिकल्या, सगळीकडे सारख्याच, जुडग्यांची संख्याही सारखी. तापमान २२ ते २६ अंश, उजेड ६५०० ते १०००० लक्स, सात दिवस. किरण रोज एकाच वेळी.

तांबं आणि किरण एकाच दिवशी सुरू करायचे की आधी एक आणि मग दुसरं, हे आधी ठरवून लिहून ठेवा. आधी किरणांनी थकलेल्या रोपाला तांबं दिलं तर उत्तर वेगळं येऊ शकतं. दोन्ही पद्धती योग्य आहेत, मध्येच बदलणं तेवढं चूक.

लोडशेडिंगचं काय? चक्रीवाला यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. चार दिवसांत सकाळचा दिवा दुपारी लागायला लागतो. वीज गेल्याची वेळ वहीत लिहा, टायमर रोज घड्याळाशी जुळवा. राहिलेले किरण दुसऱ्या दिवशी "भरून" काढू नका. मिळाली तेवढीच मात्रा लिहा.

रोज पाण्याची पातळी खुणेपर्यंत आणा, पण डिस्टिल्ड पाण्याने. तांब्याच्या द्रावणाने भरलं तर रोज मात्रा वाढत जाते.

## ७. मोजणी

० व्या, ३ ऱ्या, ५ व्या आणि ७ व्या दिवशी टिकल्या मोजा. आई-टिकलीच्या कडेला डोकावणारी कळीसुद्धा एक टिकली. मोजणारा एकच माणूस, आणि कोणतं भांडं कोणत्या गटाचं हे त्याला ठाऊक नसावं. वरून पट्टी ठेवून फोटो काढा. इमेजजे हे फुकटचं सॉफ्टवेअर फोटोवरून क्षेत्रफळ देतं. तांब्याने टिकल्या लहान राहतात, त्या नुसत्या संख्येत दिसत नाहीत.

ओलं वजन मी सहसा घेऊ देत नाही. एकाने टिपकागदाने दोनदा टिपलं, दुसऱ्याने चारदा, की फरक तयार. सुकं वजन घ्या.

हरितद्रव्यासाठी ८० टक्के ॲसिटोनमध्ये, मंद उजेडात अर्क काढा आणि ६६३ व ६४५ नॅनोमीटरवर शोषण वाचा. आर्ननच्या सूत्राने, मिग्रॅ प्रति लिटरमध्ये, हरितद्रव्य-अ = १२.७ × (६६३चं शोषण) − २.६९ × (६४५चं शोषण). हरितद्रव्य-ब = २२.९ × (६४५चं) − ४.६८ × (६६३चं).

तपासा: "काही नाही" गटाची संख्या अडीच दिवसांच्या आत दुप्पट व्हायला हवी, म्हणजे सात दिवसांत सुमारे सातपट. तसं नसेल तर प्रयोग रद्द. बाकी आकडे कितीही छान असोत, आजारी रोपावर काढलेले आहेत. या गटाच्या द्रावणाचा सामू (पीएच) सुद्धा १.५ पेक्षा जास्त वर गेलेला नसावा.

## ८. हिशोब: बेरीज नव्हे, गुणाकार

वेग = (शेवटच्या संख्येचा नैसर्गिक लॉग − सुरुवातीच्या संख्येचा नैसर्गिक लॉग) ÷ ७.

समजा प्रत्येक भांड्यात १२ टिकल्यांनी सुरुवात केली. आकडे हिशोब दाखवण्यापुरते.

- काही नाही: ९६ झाल्या. वेग ०.२९७.
- फक्त तांबं: ४० झाल्या. वेग ०.१७२, म्हणजे ५८ टक्के उरला.
- फक्त किरण: ६६ झाल्या. वेग ०.२४४, म्हणजे ८२ टक्के उरला.

दोन्ही एकत्र असतील आणि एकमेकांत ढवळाढवळ करत नसतील तर किती उरावा? बहुतेक जण घट बेरजेत धरतात: ४२ अधिक १८, म्हणजे ६० टक्के घट, ४० टक्के उरला. हे चुकीचं आहे. तांब्याने ५८ टक्क्यांवर आणलेल्या वाढीतलाच वाटा किरण कमी करतात. ५८ टक्क्यांचे ८२ टक्के, म्हणजे सुमारे ४७.५ टक्के. तेवढा वेग म्हणजे सात दिवसांनी साधारण ३२ टिकल्या.

प्रत्यक्षात २० मिळाल्या तर वेग ०.०७३, फक्त २५ टक्के उरला. अपेक्षेहून बराच कमी, म्हणजे दोघं एकमेकांची ताकद वाढवतात. ३२ च्या आसपास आल्या तर दोघं आपापलं काम करत आहेत. ५० आल्या तर एक दुसऱ्याचा परिणाम कमी करतो. समजा ४२ टक्के वेग उरला. बेरजेच्या पद्धतीने "एकमेकांना कमी करतात" असं निघेल, गुणाकाराने नेमकं उलट. एका चुकीच्या हिशोबाने निष्कर्षाची दिशाच फिरते.

पाच भांड्यांतला फरक योगायोगाचा नाही, हे बघायला दोन घटकांचं अनोव्हा (संख्याशास्त्रातली चाचणी) लावा आणि त्यातली परस्परक्रियेची ओळ वाचा. मात्र कच्च्या वेगांवर अनोव्हा बेरजेचाच प्रश्न विचारतं. गुणाकाराचा प्रश्न विचारायचा तर वेगांचा लॉग घेऊन लावा.

कारण लिहिताना एवढंच लिहा: तांबं आणि यूव्ही-बी दोन्ही पेशीत ऑक्सिजनची आक्रमक रूपं वाढवतात, आणि तांबं हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा घेऊ शकतं. तुम्ही ती रूपं मोजली नसतील तर "यामुळेच झालं" असं ठोकून लिहू नका. व्हायवात बाहेरचे परीक्षक तिथेच धरतात.

## ९. उरलेलं द्रावण

मोरीत नाही, नाल्यात नाही, बोडीत तर नाहीच. शिंगाडा आणि मासे त्याच पाण्यावर असतात, आणि तांबं माशांना फार कमी मात्रेत बाधतं. प्रयोगातलं लेम्ना कोंबड्यांना टाकू नका, एरवी ते चांगलं खाद्य असलं तरी.

उरलेल्या स्टॉकमध्ये चुन्याची निवळी घातली की निळसर गाळ खाली बसतो. पोषक द्रावणात मात्र ईडीटीए तांब्याला धरून ठेवतं, तिथे चुन्याचा भरवसा नाही. ते सगळं कॅनमध्ये जमवा आणि कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. कॅनवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: "तांबं आहे, ओतू नये." आमच्याकडे एका वर्षी इंग्रजी लेबल होतं, आणि फरशी पुसायला आलेल्या मावशींनी कॅन रिकामा करून, स्वच्छ धुऊन, उलटा ठेवला होता.